भाजी कोणती, ते सांग

सबस्टेशनचा फोन वाजला की तायडेमामा ‘हॅलो’ म्हणत नसत. ‘कोण? बापाच्या नावासकट सांग,’ म्हणत. पलीकडच्या लाईनमनने नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘डब्यात भाजी कोणती?’

नवा माणूस असला की गोंधळायचा. तो बिचारा भर उन्हात खांबाखाली उभा राहून लाईन बंद करायला सांगतोय आणि हे ऑपरेटर महाशय त्याच्या डब्यात डोकावतायत. जुने लाईनमन मात्र मुकाट सांगत. ‘वांगं.’ ‘बेसन.’ ‘आज भाजी नाई मामा, नुस्ता ठेचा.’ मामा ते नावापुढे लिहून घेत, मग त्या लाईनचा फीडर बंद करत, हँडलला कुलूप घालत आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकून सांगत, ‘आता चढ. उतरला का तूच फोन कर. दुसऱ्याच्या तोंडानं उतरू नको.’

काम आटोपून खाली उतरलेल्या माणसाने फोनवर तीच भाजी पुन्हा सांगायची. आवाज त्याचाच हवा आणि भाजीही तीच हवी. दोन्ही जुळलं की किल्ली खिशातून बाहेर. नाही जुळलं तर पंधरा गावांचा पुरवठा बंद राहिला तरी मामा जागचे हलत नसत. कारण उघड आहे. खांबावर माणूस असताना सबस्टेशनमधून वीज सोडली, तर त्या माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. ‘लाईन कोणाची वळख ठेवत नाई,’ मामा म्हणायचे. ‘वळख आपण ठेवा लागते.’

आमचं गाव नांदुरा तालुक्यातलं, पूर्णेकडच्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातलं. सबस्टेशन गावाबाहेर, दोन कडुलिंबांच्या मध्ये. प्रल्हाद तायडे तिथले ऑपरेटर. बुटके, दोरा बांधलेला चष्मा, सायकलला लटकवलेली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली. माझा मोठा भाऊ सुनील त्यांच्या फीडरवर कंत्राटी लाईनमन होता, अजूनही आहे. कंत्राटी म्हणजे खांब तोच, तार तीच, मरण तेच. फक्त नोकरी तुमची नाही. तीन माणसांत हातमोज्यांची एक जोडी मिळायची. त्या हातमोज्यांवर मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. नंतर लिहीतच गेले. डेपोच्या, ऑफिसच्या, तहसीलच्या फाटकाशी उभी राहून वाटत गेले. कोणी घडी करून खिशात घाले, कोणी त्यात भजी बांधून नेई. मामा मात्र माझ्यासमोर उभे राहून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि म्हणत, ‘चांगलं भांडते वं तू. पण एका पानात सात जणाईले कायले मारतं? एकाले धर, पण घट्ट धर.’

त्यांचा हट्ट लोकांना किती जाचायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा दुपारी सोसायटीच्या नव्या गोदामाचं उद्घाटन होतं. मंडप, माईक, पंखे, पाहुणे. त्याच वेळी गोदामाच्या अलीकडे तुटलेला जंपर, म्हणजे दोन तारांमधला जोड, बांधायला सुनील आणि गजाननभाऊ हा कायम नोकरीतला लाईनमन असे दोघं चढले होते. मी मागण्यांचं निवेदन टाईप करून मामांना दाखवायला गेले होते, म्हणून सबस्टेशनात होते. फोन वाजला.

‘मामा, गजानन. झालं काम. द्या सोडून.’

‘भाजी?’

‘भेंडी.’

‘बरोबर. सुनीलले दे.’

‘तो पाणी प्यायले गेला. त्याची पातोडीची भाजी हाय. माह्या संगंच जेवला ना तो.’

‘मी तुले त्याची भाजी इचारली काय? त्याले दे म्हणलं.’

‘अहो, खालीच हाय तो! माह्या डोळ्यानं पाह्यला!’

‘मंग बलाव.’

आणि फोन ठेवून दिला. दोन मिनिटांत साहेबांचा फोन. शाखेचे साहेब तरुण होते, शहाणे होते. त्यांच्या कानाशी सोसायटीचा अध्यक्ष ओरडत असावा. ‘तायडे, दोघंही उतरलेत, मी जबाबदारी घेतो, चालू करा.’ मामा उभे राहिले. साहेबांशी ते फोनवरही उभं राहूनच बोलत. ‘साहेब, जबाबदारी तुमी घेता, पण भाजी सुनीलच सांगन.’ पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. मामा ‘हाव साहेब, हाव साहेब’ म्हणत राहिले आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, ‘ज्याले घाई हाय त्यानं खांबावर चढावं.’

पंचवीस मिनिटं गेली. पाहुण्याने म्हणे माईकशिवाय, घाम पुसत भाषण केलं आणि मागच्या लोकांनी ऐकू येत नसतानाही टाळ्या वाजवल्या. मग सुनीलचा फोन आला. तो खरंच पाणी प्यायला गेला होता. जवळच्या विहिरीचं पाणी खारं, म्हणून पार शेतातल्या टाकीपर्यंत गेला होता आणि तिथे एका ओळखीच्याने चहाला धरून ठेवलं होतं. ‘मामा, पातोडी,’ तो ओशाळून म्हणाला. मामांनी किल्ली काढली.

म्हणजे त्या दिवशी वीज सोडली असती, तरी कोणाला काही झालं नसतं. मी हे मुद्दाम लिहितेय. व्यक्तिचित्रांत अशा वेळी हमखास कोणाचा तरी जीव वाचतो. इथे कोणाचाही वाचला नाही. मामांना कारणे दाखवा नोटीस मिळाली, गजाननभाऊ महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही, आणि मीही चिडून म्हटलं, ‘मामा, काहीच झालं नसतं.’

‘नसतं झालं,’ मामा म्हणाले. ‘मंग?’



त्यानंतरच्या वर्षी बढतीची यादी आली. मामांनी विभागीय परीक्षा कधीची पास केली होती. सांगत मात्र कोणाला नव्हते. यादीत नाव होतं, जागा राखीव होती. शाखेचे साहेब म्हणून मलकापूरला जायचं. आमच्या वस्तीतून शिपाई झाले, शिक्षक झाले, एक नर्स झाली, पण पाटीवर नाव असलेला साहेब एकही नव्हता. विहारात बातमी कळली तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी उठून मामांचे हात हातात घेतले. माझ्या आईने साखर वाटली. मी तर मनातल्या मनात पुढचं पत्रकच लिहून टाकलं: हातमोजे मागायला आता आपल्याच माणसाच्या टेबलापुढे उभं राहायचं.

आणि तायडेमामींनी कपाट उघडून दोन पडदे काढले. मलकापूरला साहेबांना मिळणाऱ्या क्वार्टरच्या खिडक्यांना लावायला. क्वार्टरमध्ये नळ होता आणि नळाला गोडं पाणी होतं. हे शहरात राहणाऱ्याला कळायचं नाही. आमच्याकडे डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहा फाटतो. मामींनी लग्न झाल्यापासून पिण्याचं पाणी लांबून आणलं. आधी डोक्यावर हंडा, मग सायकलला कॅन. ‘वं प्रज्ञा,’ त्या मला म्हणाल्या, ‘तोटी फिरवली का गोडं पाणी! मी तं पह्यल्या दिवशी घटकाभर नुस्ती फिरवत बसन.’

मामांनी नकार लिहून दिला. तोही गुपचूप, सायकलवर नांदुऱ्याला जाऊन. घरी आले, जेवले आणि हात धुताना मामींना सांगितलं.

मामींनी पडदे घडी करून परत कपाटात ठेवले. भांडल्या नाहीत. त्या भांडल्या नाहीत म्हणून मी जास्त भडकले. सरळ सबस्टेशनात गेले.

‘काऊन मामा? काऊन असं केलं?’

‘मले फोन घेता येते,’ ते म्हणाले. ‘करता येत नाई.’

‘हे काय उत्तर झालं?’

‘हेच हाय बाप्पा.’

मी घरी आले आणि लिहिलं. गुलाबी कागदावर, एकाच बाजूने छापलेलं, कारण दोन्ही बाजूंनी छापायची आमची ऐपत नव्हती. मथळा होता: ‘खुर्चीला भिणारे कोणाचे?’ नाव घातलं नव्हतं, पण घालायची गरजही नव्हती. ज्यांच्यासाठी पिढ्या लढल्या ती जागा घरबसल्या सोडून देणारा माणूस साधा नसतो, भेकड असतो, असं मी लिहिलं होतं. बायकोच्या डोक्यावरच्या हंड्यावर नवऱ्याचा साधेपणा उभा आहे, असंही लिहिलं होतं. ते वाक्य मला फार आवडलं होतं. आजही खोटं वाटत नाही.

पत्रकं वस्तीत वाटली. विहारासमोर मामा सायकलवरून उतरले, एक घेतलं, चष्मा वर करून शेवटपर्यंत वाचलं. मी तोंड फिरवलं नाही. मला तशी शिकवण नव्हती. ते म्हणाले, ‘आता एकालेच धरलं तुनं. चांगलं झालं.’ मग पत्रक उलटं करून अंगठ्याने घासून पाहिलं. ‘किती उरले?’

‘दोनेकशे.’

‘मले दे. मागून कोरे हायेत. कागद चांगला हाय, शाई फुटणार नाई.’

आणि कॅरियरला गठ्ठा लावून खरोखर घेऊन गेले. त्या दिवसापासून परमिटची, म्हणजे कोणाला लाईनवर चढायची परवानगी दिली त्याची, कच्ची यादी ते माझ्या पत्रकाच्या पाठीवर लिहू लागले. सरकारी वहीत भाजीचा रकाना नव्हता ना. सुनील येऊन सांगायचा, ‘तुह्यं पत्रक मामाच्या टेबलावर हाय. उलटं.’ मला वाटायचं, ते मला टोमणा मारताहेत. वर्षभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. ते मात्र रस्त्यात दिसले की सायकलची घंटी वाजवायचे, पूर्वीसारखीच दोनदा.

अपघातांवर पुस्तिका काढायची म्हणून मी जखमी लाईनमनांच्या गाठीभेटी घेत फिरत होते, तेव्हा देविदासभाऊ भेटले. नांदुरा स्टेशनबाहेर केळ्यांची गाडी लावत. डावा हात कोपरापासून नाही. एका हाताने फणी तोडून, पिशवीचं तोंड दातांनी उघडून केळी भरत. मी वही काढली, नेहमीचे प्रश्न विचारले. कुठलं सबस्टेशन? आमचंच. ड्यूटीवर कोण?

‘तायडे. तवा नवा होता तो. पोट्ट्यासारखाच होता.’

मी नाव लिहून त्याखाली रेघ मारली.

‘त्याचा काय दोष?’ देविदासभाऊ म्हणाले. ‘साहेबाचा फोन आला का सगळे उतरले, सोड. त्यानं सोडली. मी वरतच होतो.’

‘तुम्हाला राग नाही आला?’

‘आला ना बे! लय आला. पोरीले बे म्हणून गेलो, राग नको मानू.’ ते हसले. ‘पण आता कोणावर काढाव? दर इतवारी येते तो सायकल घेऊन. दोन डझन केळं घेते. लेक सासरी गेली, घरात दोन माणसं. इतके केळं कोणी खाते काय? मी एक दिवस म्हणलं, तायडे, नको घेऊ, मी माफ केलं. तं म्हणते, मले केळं आवडते.’

मी तिथून निघाले ती थेट सबस्टेशनात. मामा रबराच्या मॅटवर खुर्ची टाकून बसले होते. दाराशी केळ्यांची सालं खाणारी एक गाय उभी होती. ती रोज का येते, हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, देविदासभाऊंकडून येतेय.

मामांनी चष्म्याचा दोरा नीट केला.

‘तो फोन ज्यानं केला ना,’ ते म्हणाले, ‘तो साहेब पह्यले ऑपरेटरच होता. याच खोलीत, माह्या बाजूले बसे. मले काम त्यानंच शिकवलं. लय चांगला माणूस. लाईनमनच्या लेकराईच्या फिया भरे. आमाले वाटलं, आपला माणूस साहेब झाला, आता कशाची फिकीर? खुर्चीत बसून चार महिने झाले आन् त्यानं तो फोन केला. वरून त्याले दाबत होते, त्यानं मले दाबलं. तो वाईट असता तं मी बढती घेतली असती, पोरी. म्हणलो असतो, मी तसा नाई. पण तो माह्यापेक्षा चांगला होता.’

मी गप्प बसणारी नाही. म्हटलं, ‘मग चांगल्या माणसांनी खुर्च्या सोडूनच द्यायच्या? म्हणजे तिथे फक्त दाबणारेच बसणार.’

‘तुह्यं बरोबर हाय.’

‘आणि मामींचं पाणी?’

‘तेबी बरोबर हाय.’ त्यांनी टेबलावरचं गुलाबी पत्रक सुलटं केलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. भेकड. ‘हे तं सगळ्यात बरोबर लिवलं तुनं. मी भेतो. तिथी बसून मी तो फोन करणार नाई, याची मले ग्यारंटी नाई. इथी बसून घेणार नाई, याची हाय. जितकी ग्यारंटी हाय तितकंच काम केलं मी.’

एवढ्यात फोन वाजला. ‘कोण? बापाच्या नावासकट सांग,’ म्हणत मामांनी पत्रक पुन्हा उलटं केलं.

मामा निवृत्त झाले तो दिवस बाजाराचा होता. कंपनीने शाल-नारळ दिला, साहेबांनी भाषण केलं. लाईनमन मात्र सगळे कामावर होते, कारण आदल्या दिवशीच्या वादळाने खांब पाडले होते. मामींबरोबर मीही सबस्टेशनात होते. पाच वाजायला आले, शेवटचं परमिट परत आलं, किल्ली खिशातून निघाली. आणि फोन पुन्हा वाजला.

‘कोण?’

‘सुनील भगवान इंगळे. आन् हे सगळे हायेत इथी. गजाननभाऊ, रफिक, सगळे. मामा, आज तुमच्या डब्यात भाजी कोणती?’

इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. त्या दिवसाच्या गडबडीत त्यांनी डबा उघडलाच नव्हता. त्यांनी मामींकडे पाहिलं. मामींनी ओठ घट्ट मिटून मान हलवली, सांगणार नाही म्हणून. ‘थांबा, पाह्यतो,’ ते फोनमध्ये म्हणाले, रिसिव्हर टेबलावर ठेवला, पिशवीतून डबा काढला आणि झाकण उघडून बघतच बसले. पलीकडे आठ-दहा माणसं वाट पाहत होती. अखेर मामीच रिसिव्हरकडे वाकून म्हणाल्या, ‘मेथी हाय रे बाप्पाहो! उतरू द्या आता त्यायले.’

पलीकडून जो आरडाओरडा झाला, तो ऐकून लिंबावरचे पक्षी उडाले. मामांनी चष्मा काढून शालीच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घालायला विसरले.

त्यानंतर दोन वर्षंही मिळाली नाहीत. छातीत दुखलं, अकोल्याला नेलं, तिसऱ्या दिवशी आणलं. देविदासभाऊ केळ्यांची गाडी बंद ठेवून आले होते.

महिन्याने मामींनी मला बोलावून एक गठ्ठा हातात ठेवला. गुलाबी पत्रकं, सुतळीने बांधलेली. एका बाजूला मी, भेकड, भेकड, भेकड, दोनशे वेळा. दुसऱ्या बाजूला त्यांचं गोल अक्षर. गजानन: भेंडी. रफिक: अंडे. सुनील: पातोडी. सुनील: वांगं. सुनील: ठेचा, भाजी नाई. प्रत्येक नावापुढे चढल्याची वेळ, उतरल्याची वेळ. चढलेला प्रत्येक जण उतरला होता. मी एकेक पान तपासलं. माझी सवयच आहे तशी, समोरच्याची चूक शोधायची. एकही सापडली नाही.

पण मी अजून त्यांच्याशी भांडते. त्या बढतीच्या जागेवर आमच्यातलं कोणी आजतागायत बसलेलं नाही. हातमोजे अजून पुरत नाहीत. मामी अजून कॅन घेऊन जातात. परवा मीच नेऊन दिला. मामांनी ती खुर्ची घ्यायला हवी होती, असं मी विहारात आजही बोलते आणि कोणी मान डोलावली की मला त्याचाच राग येतो.

आता परमिट मोबाईलवर मिळतं. आकडे येतात, आकडे सांगायचे. आकडे कोणीही सांगू शकतो. सुनीलचा मोबाईल कधी कधी गाडीत मुकादमापाशी असतो. सबस्टेशनात नवीन मुलगा आहे. हुशार आहे, नम्र आहे, फोन उचलला की ‘हॅलो सर’ म्हणतो. मी त्याला जाऊन भाजीचं सांगितलं. तो हसला. मी त्याच्यावर पत्रक लिहायला बसले आणि दोन ओळींवर थांबले. मग गठ्ठ्यातलं एक पान घेऊन गेले आणि त्याच्या टेबलावर ठेवून आले. उलटं. त्याने ते वाचलं की नाही, मला माहीत नाही.

सुनीलचा डबा हल्ली मी भरते. तो साडेआठला निघतो, फाटकाशी गाडी सुरू करतो, आणि तो लाईनवर आहे तोवर माझं लक्ष कशात लागत नाही. सबस्टेशनातल्या पिवळ्या पडत चाललेल्या भिंतीजवळ, रबराच्या मॅटवर, उभं राहून बोलणारं कोणीतरी असावं असं वाटत राहतं. ‘हॅलो’ न म्हणणारं.

आज मेथी आहे, मामा.